नुसती चर्चा झाली

भोसरीत आमची शेती होती तिथं आता कारखाने आहेत. उरलेल्या तुकड्यावर मुलानं आठ खोल्या बांधल्या. भाडेकरू मी बघते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माणूस खोली कशी ठेवील ते मला दारातच कळतं.

ती चाकणच्या कंपनीत पॅकिंगला होती. खोली मागायला आली तेव्हा मी तिला उंबऱ्याबाहेरच उभी केली. आवाज जड, हात रुंद, अंगावर धुतलेला, इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस. मी विचारलं, "तू बाई का बाप्या?"

"बाईच आहे, आज्जी. जन्मले तेव्हा घरच्यांना मुलगा वाटला."

मी म्हटलं, "पाणी सकाळी सहालाच येतं, भरून ठेवायचं," आणि किल्ली दिली. माझा प्रश्न काही चांगला नव्हता. पण तो मी एकदाच विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर गप्प बसले.

दीड वर्ष ती राहिली, कुणाला त्रास नाही. मग गावच्या देवाचा भंडारा आला. आमटी देवळापाशी मोठ्या कढईत शिजते आणि भाकरी घरोघर थापतात. टेम्पो फिरतो, प्रत्येक दारातून फडक्यात बांधलेली चवड उचलतो. माझे गुडघे गेलेत, सून कामाला. या भाडेकरणीला सुट्टी होती, ती आपणहून चुलीपुढं बसली. मराठवाड्यातली ती. भाकरी अशी थापायची की मीच बघत बसले. टेम्पोवाल्यानंही बघितलं.

भाकरी लोकांनी चाटूनपुसून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की देवाच्या प्रसादाला असल्यांचे हात लागले. त्याखाली रांगच लागली. असली माणसं पोरं पळवतात, रोग आणतात, वस्ती नासवतात. सगळं मी स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावून. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं.

पुतण्या देवळाच्या कमिटीवर आहे. त्याला म्हटलं, "बंद कर हे."

"काकी, परत्येकाला मत मांडायचा हक्क हाय. रविवारी देवळात बसू. दोन्ही बाजू ऐकू."

इथं माझी चूक झाली. बांधाचं भांडण असो की नांदायला न जाणारी पोरगी, दोन्ही बाजू देवळात सतरंजीवर बसल्या की मिटतं, हे मी जन्मभर बघितलेलं. तिला म्हटलं, चल. ती नको म्हणत होती. "माझी बाजू काय असणार, आज्जी? मी राहते, काम करते, एवढीच." मी ऐकलं नाही. हाताला धरून नेलं.

एकानं मोबाईल काढून तेच सगळं मोठ्यानं वाचलं. दुसरा म्हणाला, "ह्यांना बाई म्हणायचं का, यावर आधी खुली चर्चा व्हावी." मागून आवाज आला, "तपासूनच घ्या की राव!" हशा पिकला.

तिनं विचारलं, "माझ्या भाकरीत काय वाईट होतं?"

"तसं नव्हं, ताई. ताई म्हणू का भाऊ म्हणू?"

परत हशा. ती ताठ बसून राहिली, समोरच्या खांबाकडं बघत.

मी पुतण्याला म्हटलं, "थांबव."

"बोलू द्या, काकी. लोकशाही हाय. तिला बोलायला कुणी आडवलंय व्हय?"

"बरं. मग हिचं झालं की तुझ्या बायकोला बसव हितं. ती बाई हाय का न्हाई, त्यावरबी समद्यांची मतं घेऊ."

पुतण्या ताडकन उठला. "काकी, तोंड सांभाळा! बोलण्याला काय मर्यादा हाय का न्हाई?"

सभा तिथंच मोडली. म्हणजे मर्यादा असते, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तासभर ती मर्यादा कुणाला आठवली नाही, कारण सतरंजीवर दुसऱ्याची पोर बसली होती. आणि ती मीच नेऊन बसवली होती.

आठवड्याच्या आत तिनं खोली सोडली. चाकणला कंपनीजवळ गेली. मी म्हटलं, "अगं, मी जा म्हटलं नाही."

"कुणीच नाही म्हटलं, आज्जी," ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

पुतण्याही तेच सांगत फिरतो. "आमी कुठं काढलं तिला? नुसती चर्चा झाली." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला खोटा तरी कसा म्हणू?

यंदा भंडाऱ्याला टेम्पो दारात आला. पुतण्याच पुढं बसलेला.

"काकी, भाकरी?"

"न्हाईत. थापणारीला तुमी घालवली."

"आमी कुठं…" त्यानं सुरू केलं.

मी दार लावून घेतलं.