ओतोकिचीचा शंख आणि चार दात

ओतोकिचीच्या पायांना कान होते, असं आमच्या कामिसावा गावात कुणीही सांगेल. एक्केचाळीस उन्हाळे त्यानं आमच्या यात्रेच्या मंडळाला गास्सान डोंगरावर चढवलं आणि पलीकडं युदोनोच्या देवाला उतरवलं, पण चालताना कधी मागं वळून बघितलं नाही. गरजच नसायची. मागनं येणाऱ्या पावलांवरनं त्याला कळायचं, कोण दमलंय, कुणाच्या जोड्याची वादी सुटलीय. एकदा माझी पावलं ऐकून तो पुढनंच म्हणाला, "बायकोशी भांडून आलायस. पाय आपटू नको, डोंगरानं काय केलंय तुझं?" मी खरंच भांडून आलो होतो.

एरवी माणसात सांगण्यासारखं काही नव्हतं. भाताची चार खाचरं, हिवाळ्यात कोळशाची भट्टी, खारवलेल्या मुळ्यावर जीव आणि बोलणं तुसडं. मुलगा बर्फ पडायला लागला की तोक्योला बांधकामावर जायचा, तो वसंतात परत. तोवर घरात हा आणि सून फुजिए, दोघंच. पण ऑगस्ट उजाडला, अंगावर पांढरी वस्त्रं चढली आणि शंख गळ्यात अडकवला, की हाच म्हातारा वीतभर उंच दिसायचा.

शंख मंडळाचा, वाटाड्यानं फक्त सांभाळायचा. धुक्यात मागं पडलेल्याला हाक, वाटेतल्या विसाव्याच्या ठाण्यावर पोचल्याची वर्दी, शिखरावर देवाला आल्याचं सांगणं, सगळं त्यातनंच. ज्याला तो फुंकता येत नाही त्यानं पुढं चालायचं नाही, ही आमची जुनी रीत. ती सगळ्यात कडक पाळली ओतोकिचीनंच. आधीच्या वाटाड्याला धाप लागायला लागली तेव्हा ह्यानंच त्याच्या घरी जाऊन शंख मागून आणला होता.

मग एका शरदात तो काकी नावाची केशरी फळं उतरवायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. हाडं शाबूत राहिली, वरचे पुढचे चार दात गेले. शहरातल्या दातवाल्यानं कवळी बसवून दिली. तिनं मुळा चावता यायचा, शिव्या देता यायच्या. शंख मात्र ओठाला लावला की नुसती फुस्स हवा. सत्तर वर्षांचे ओठ ज्या दातांवर टेकून फुंकायला शिकले होते, ते दात झाडाखाली पडले होते.

वसंतातल्या बैठकीत सेन्झोनं विषय काढला. ह्याची भाताची गिरणी, माणूस साठीचा, देवधर्माला फार काटेकोर, आणि शंखावर त्याचा डोळा होता हे लपून नव्हतं. पण बोलला ते रीतीला धरूनच. औंदा शिखरावर सगळ्यांसमोर ओतोकिचीनं शंख फुंकायचा. नाही फुंकला तर पुढच्या वर्षापासून वाटाड्या सेन्झो. ओतोकिची म्हणाला, शंखाला चीर गेलीय, मेण भरतो, होईल नीट.

चीर नव्हती, हे फुजिएला माहीत होतं. हिवाळाभर ती कागदी दाराच्या अलीकडं बसून पलीकडची ती फुस्स ऐकत आली होती. एक दिवस सासरा भट्टीवर गेल्यावर तिनं शंख उजेडात धरून बोटानं चाचपला. घरातही तो चिरेचंच सांगायचा, मग खरंच चिरलाय का बघायला म्हणून तिनं ओठाला लावला. बर्फ छपराला टेकलेलं होतं. गोठ्यात बसून फुंकलं तर शेजाऱ्यालासुद्धा ऐकू जाईना. बर्फ वितळायच्या आत तिला तो वाजायला लागला. तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढं माझ्या बायकोजवळ म्हणाली, "सांगून काय करू? शंख बरा हाय हे पण कळलं असतं त्यांना, आणि मला वाजतोय हे पण."

ऑगस्टात आठवडाभर मासळी-मटण सोडून आम्ही सातजण निघालो, औंदा सासऱ्याच्या सोबतीला फुजिएही होती. आठव्या ठाण्यावरच्या दलदलीतनं, फळ्यांच्या वाटेनं, "सहा इंद्रियं शुद्ध होवोत" असं म्हणत चढत गेलो. नवव्या ठाण्यावर भाताचे मुटके खाल्ले. तिथनं पुढं धुकं उतरलं, असं की पुढच्याची पाठसुद्धा दिसेना.

तिथं सेन्झोला लघवी लागली. आम्ही बाकीचे दहा पावलं बाजूला होऊन दगडाआड उरकतो आणि डोंगराची माफी मागतो. सेन्झोला ते चालायचं नाही. देवाच्या वाटेपासून पुरतं लांब गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तो उन्हाळ्यातही न विरघळणाऱ्या बर्फाचा पट्टा ओलांडून पलीकडं गेला आणि धुक्यानं मागचं दार लावून घेतलं.

बराच वेळ झाला, सेन्झो येईना. हाका मारल्या. त्याची ओ एकदा डावीकडनं आली, एकदा खालनं. त्या पट्ट्याच्या खाली सरळ ओढ्याची घळ आहे. तेव्हा एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा ओतोकिची मागं वळला.

त्यानं शंख तोंडाला लावला. फुस्स. कवळी काढून खिशात टाकली, पुन्हा लावला. आता फुस्सही नीट होईना. आम्ही सगळे आपापल्या जोड्यांकडं बघत उभे. परत सेन्झोची ओ आली, आधीपेक्षा बारीक.

फुजिए पुढं झाली. "मामंजी, शंख द्या."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग गळ्यातली दोरी काढून तिच्या हातात दिली.

तिनं फुंकला. दोन लांब, एक आखूड, अगदी म्हाताऱ्याची हाक. मग थांबून पुन्हा, पुन्हा. तासाभरानं असेल, कंबरेपर्यंत भिजलेला सेन्झो धुक्यातनं चार पायांवर वर आला. तोवर शंख म्हाताऱ्याच्या गळ्यात परत गेला होता. सेन्झो धापा टाकत त्याच्यासमोर वाकला आणि म्हणाला, "चुकलो मी. छातीत दम हाय तुमच्या. आता शिखरावर काय फुंकायची गरज न्हाई, मी ऐकलं."

आम्ही त्याला तसंच समजू दिलं. दुसऱ्या दिवशी लोखंडी शिड्या उतरून युदोनोला गेलो, अनवाणी दर्शन घेतलं. तिथं जे बघितलं ते बोलायचं नाही आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही, ही तिथली शपथ. बरंच झालं, असं मला वाटलं. धुक्यातली गोष्टही त्याच गाठोड्यात बांधून टाकू.

गावी परतल्यावर उपास सोडायची पंगत ओतोकिचीकडंच होती. फुजिए स्वयंपाकघरात मासे भाजत होती. साकेचे दोन पेले झाल्यावर सेन्झो उठला आणि म्हणाला की हा माणूस जिवंत असेतो शंखाचा विषय कुणी काढायचा नाही, मी तर नाहीच. सगळ्यांनी माना आपापल्या वाडग्यात घातल्या. ओतोकिचीनं नुसतं हूं म्हटलं असतं तर निभावलं असतं.

त्यानं कवळी काढली आणि माशाच्या ताटलीशेजारी ठेवली.

"म्या न्हाई फुंकला," तो बोबडं म्हणाला. "फुजिएनं फुंकला."

मी घाईनं म्हणालो, "आजा, डोंगरावरचं बोलायचं नसतं."

"ते युदोनोचं. माझी फजिती गास्सानवर झाली. आन माझं दात म्हंजे काय देव हाय व्हय, झाकून ठेवायला?"

सेन्झोचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. स्वयंपाकघरातली चिमट्याची खटखट थांबली होती. मग सेन्झोनं तिकडं तोंड करून एवढंच विचारलं, "पोरी, कुठं शिकलीस?"

"गोठ्यात," आतनं आवाज आला. "मासा करपतोय, जरा थांबा."

म्हाताऱ्यानं शंख आणून सेन्झोसमोर ठेवला. रीत ती रीत. सेन्झोनं तो उचलला, फिरवून बघितला आणि फुजिए ताट घेऊन आली तेव्हा तिच्यापुढं सरकवला. "मला हाक ऐकू आली ती हिची," तो म्हणाला. "शंख माझ्या गळ्यात असता तर मला बोलवायला कोण होतं?"

पुढची पाच वर्षं पुढं फुजिए चालली. ओतोकिची सगळ्यांत मागं, कवळी खिशात टाकून. आता त्याच्या मागं पावलं ऐकायला उरली नव्हती, म्हणून तो शंख ऐकायचा आणि मागनं ओरडायचा की दुसरी फुंक आखूड पडतेय, देवाला वाटेल आपण घाईत हाय. शेवटच्या वर्षी नवव्या ठाण्यावर तिनं शंख फुंकला, तर मागनं ओरडा आला नाही. फुजिए थांबली, मागं वळली. तो दगडावर बसून मुळा चोखत होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठं काय? नीट वाजला," तो म्हणाला. "चल पुढं."