बक्स्टनहून खाली उतरणारी ट्रेन

माझी धाकटी बहीण मुग्धा इंग्लंडात बक्स्टनला राहते. तिचे दिवस भरत आले तसं माझं एकच टुमणं सुरू झालं, "बाळंतपणाला माझ्याकडे कॉव्हेंट्रीला ये." ती ऐकेना.

"ताई, हॉस्पिटल स्टॉकपोर्टला आहे. कारनं पाऊण तास."

"आणि बर्फ पडला तर?"

त्यावर ती विषय बदलायची. शेवटी जानेवारीत मीच रजा टाकली आणि नागपूरहून आलेल्या आईला घेऊन निघाले.

तुम्हाला जायचं असेल तर ट्रेननंच जा. कॉव्हेंट्रीहून स्टॉकपोर्टपर्यंत थेट ट्रेन आहे, तिथून बक्स्टनची छोटी ट्रेन मिळते. तिकीट आधी काढलंत तर स्वस्त पडतं, आणि सोबत साठीच्या पुढचं कुणी असेल तर सीनियर रेलकार्ड जरूर घ्या. व्हेली ब्रिजनंतर चढ जाणवायला लागतो. घरं विरळ होतात, दगडी बांध आणि मेंढ्या सुरू होतात. बक्स्टन पठारावरचं गाव. उंची साधारण आपल्या नागपूरएवढीच, पण हे सांगितल्यावर आईनं स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवत माझ्याकडे नुसतं पाहिलं.

गावात येणारे बहुतेक रस्ते उघड्या माळावरून येतात. लीकचा, मॅकल्सफील्डचा. उन्हाळ्यात त्यांच्यासारखा ड्राइव्ह नाही. हिवाळ्यात मात्र निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते बघावं लागतं.

दुसरा दिवस मजेत गेला. सकाळी कॅफेत ओटकेक खाल्ले. हे ओट्सचं घावनच म्हणा, आत चीज आणि मशरूम. आईनं पर्समधून चटणीची पुडी काढली. मग गावातल्या झऱ्यावर बाटल्या भरल्या. पाणी फुकट, आणि भर थंडीत कोमट. संध्याकाळी मुग्धाच्या नवऱ्याचा, रोहनचा, मँचेस्टरहून फोन आला. बर्फाचा इशारा होता म्हणून तो मित्राकडे थांबणार होता.

पुढच्या सकाळी खिडकीबाहेर रस्ता आणि फुटपाथ वेगळे ओळखू येत नव्हते. मी चहा टाकत होते तेवढ्यात मुग्धा बाथरूममधून म्हणाली, "ताई, अंगावरून पाणी गेलं."

तिनं हॉस्पिटलला फोन लावला. कळा अजून लांब लांब होत्या. मिडवाइफ म्हणाली, घाबरू नका, पण घरीही थांबू नका. मी फोनवर रस्ते बघितले. लीकचा बंद, मॅकल्सफील्डचा बंद, स्टॉकपोर्टच्या रस्त्यावर लॉरी आडवी पडलेली. मी तेच तेच रस्ते पुन्हा बघत राहिले. ट्रेनची वेळ बघितली ती मुग्धानं. "उशिरा आहे, पण आहे," ती म्हणाली. मिडवाइफला पुन्हा विचारलं. ट्रेन असेल तर या, आणि कळा जवळ जवळ यायला लागल्या तर लगेच अँब्युलन्सला फोन करा, असं तिनं सांगितलं.

स्टेशन जवळच आहे. तेवढं चालायला आम्हाला जन्म लागला. मधे मुग्धा, एका बाजूला मी, एका बाजूला आई. कळ आली की थांबायचं, ओसरली की पुढे.

प्लॅटफॉर्मवर ट्रेन उभी होती. आतला हीटर सुरू होता. मी गार्डला सगळं सांगितलं तसा तो स्वतः मुग्धाला हात देऊन आत घेऊन गेला, पुढच्या स्टेशनांना कळवतो म्हणाला. मग आईकडे वळून म्हणाला, "बसा निवांत, डक."

"बदक काहून म्हणून राहिला मले?" आईनं मला विचारलं.

"इकडे प्रेमानं सगळ्यांनाच म्हणतात गं."

मुग्धा कळ सोसता सोसता हसली. ट्रेन हलली.

चॅपल-एन-ले-फ्रिथपर्यंत दोन्हीकडे बर्फाच्या पांढऱ्या भिंती होत्या. आई मुग्धाची पाठ चोळत होती आणि मी दोन कळांमधलं अंतर फोनवर बघत होते. व्हेली ब्रिजला छपरांवरची कौलं दिसायला लागली. न्यू मिल्सला हिरवं गवत दिसलं. त्या गवताकडे बघून मला रडू फुटलं. रोहनला ट्रेनमधूनच कळवलं होतं; हॉस्पिटलजवळच्या स्टेशनवर तो टॅक्सी घेऊन उभा होता. मागच्या सीटवर बसल्यावर मुग्धा माझा हात दाबत म्हणाली, "बघ, पोचलो."

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आई तिकडेच राहिली, मी रजा संपल्यावर कॉव्हेंट्रीला परतले. अशा गावात राहायचं का, याचं माझं उत्तर अजून "नाही" असंच आहे. मुग्धाचं "हो" आहे. पण आता आमचं त्यावरून भांडण होत नाही. परवा तिचा फोन आला.

"ताई, पुन्हा बर्फ पडतोय."

"बरं, मग?"

"मग काही नाही. बाळ झोपलंय, आई डिंकाचे लाडू वळतेय."

मी फोन ठेवला, पडदा ओढला आणि भरदुपारी गाढ झोपले.