आजी, उजवीकडून भांडा!

मानेच्या व्यायामाच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलं की किस्से आपणहून मांडीवर येऊन पडतात. मी शाळेत गेले नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. त्यामुळे कुणी काही सांगितलं की लगेच मान डोलावणं मला जमत नाही. पण नातीची मानच जन्मापासून उजव्या खांद्यावर कललेली, तोंड डावीकडे! मेहकरची डॉक्टरीण म्हणाली, "स्नायू आखडलाय. रोज व्यायाम द्या. वर्षाची होईपर्यंत सुटला नाही, तर ऑपरेशनचं बघावं लागेल."

एवढ्याशा गळ्याला सुरी! मग काय, डोणगावहून एसटी आणि हा बाक.

*

सुनेची आई दुसरबीडची. आल्या आल्या मला म्हणाली, "माह्या पोरीले ग्रहणात भाजी चिरायले लावली असंल तुम्ही!"

म्हटलं, "विहीणबाई, तवा आमची म्हैस बी गाभण होती. दिवसभर कडबा चावत होती. तिच्या वगारीची मान पाहा, कशी ताठ!"

बाई खरंच गोठ्यात जाऊन पाहून आली!

*

बाकावर लोणारचा एक भाजीवाला भेटायचा. चाळिशीचा गडी, लहानपणी कुणी दाखवलंच नाही, म्हणून मान तशीच राहिली. आता ऑपरेशन करून व्यायामाला यायचा. त्याच्या लग्नात फोटोवाला ओरडला, "नवरदेव, मान सरळ!" हा म्हणाला, "तू कॅमेरा वाकडा कर ना बे!"

त्याची बायको मला म्हणाली, "माय, इतकी वर्षं वाटे, मी बोलली का हे मान कलवून ध्यान देतात. आता मान सरळ झाली, तवा समजलं. कधी ऐकतच नव्हते!"

*

डॉक्टरीण म्हणाली होती, "उजवीकडे तिला आवडेल असं काहीतरी करा. ती स्वतःच वळेल." खुळखुळा झाला, मोबाइल झाला, सून टाळ्या वाजवून थकली. नात आपली डावीकडच्या भिंतीकडे! पहिला वाढदिवस जवळ येत चाललेला, सून रोज कॅलेंडरापुढे उभी राहून दिवस मोजायची.

एका सकाळी माझ्या म्हाताऱ्यानं नातीच्या उजव्या अंगाला बसून धुतलेल्या दुपट्यावर चहा सांडला. मी तिथंच उभी. कडाडले, "डोये का खुटीले टांगून बसता?"

नातीनं मान वळवली. हसली!

दवाखान्यात हे सांगितलं, तर डॉक्टरीण म्हणाली, "आजी, मग रोज उजवीकडून भांडा."

म्हातारा घाबरला. "अन् रोज चूक कोनं करायची?"

मी म्हटलं, "ते तुम्हाले शिकवा लागते काय?"

*

वाढदिवसाच्या आठवड्यात डॉक्टरिणीनं मान दोन्हीकडे फिरवून पाहिली. "सुटली! ऑपरेशन नको." सून तिथंच रडायला लागली. डॉक्टरीण हसून म्हणाली, "आजी, आता भांडण बंद केलं तरी चालेल."

म्हातारा पटकन पुढे झाला. "डॉक्टरबाई, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी आयकनार नाही ही!"

मी नुसतं म्हटलं, "काय म्हनलं?"

सुनेच्या खांद्यावरची नात गर्रकन उजवीकडे वळली.