चूलबंद आवतन आणि चौसष्ट केबी

पुण्याहून देऊळघाटला परत राहायला आलो, त्याच आठवड्यात दादाने विचारलं, "तू नेमकं काय बनवतं बे?" मी म्हणालो, सध्या काही बनवत नाहीये, आधीच बनवलेलं लहान करतोय. त्याने वांग्यांच्या कॅरेटवर ओलं गोणपाट ओढलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कामावरून काढलं का तुले?"

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शेत तोच बघतो. वांगी, कोबी, बांधाकडेला थोडी मिरची. मी वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसणारा. पुण्यात काहीतरी झाल्याशिवाय हा परत आला नसेल, यावर गावाचं एकमत होतं आणि त्या 'काहीतरी'च्या निरनिराळ्या आवृत्त्या आईच्या कानावर येत होत्या. त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. दादाचं मात्र वाटायचं. धाकटा वर बसून जे करतो त्याला काम म्हणतात, हे त्याला एकदा तरी पटावं, अशी माझी इच्छा होती, आणि ती चाळिशीतल्या माणसाला शोभणार नाही इतकी जोरदार होती.

काम असं होतं. आमची कंपनी विहिरीवरच्या मोटरीला लावायची एक पेटी बनवते. फोनवरून मोटर चालू-बंद होते, लाइट आली-गेली की कळतं, आणि विहिरीत सोडलेल्या तारेच्या खाली पाणी उतरलं की मोटर आपोआप थांबते. या पेटीच्या पोटात एक नखाएवढी चिप आणि चिपमध्ये एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम. रिअल-टाइम म्हणतात तिला, म्हणजे 'बंद हो' म्हटलं की त्याच क्षणी बंद. 'बघतो', 'करतो', 'चहा झाला की' असलं काही नाही. आमच्या घरात ही पद्धत कुणालाच लागू नाही.

चिपमध्ये जागा चौसष्ट केबी. फोनवर काढलेला आईचा एक फोटोसुद्धा तेवढ्यात मावत नाही. आणि आमचा नवा प्रोग्राम भरला होता एकाहत्तर केबी. पेट्या तर आधीच विहिरींवर जाऊन बसलेल्या, चिप बदलणं शक्य नाही. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, "काहीही करा, बसवा." हे 'काहीही' माझ्या वाट्याला आलं होतं.

एका दुपारी आई जिन्याच्या वरच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "इतका कायले तोंड पाडून बसला?" मी वैतागलेलाच होतो, सगळंच सांगून टाकलं. म्हटलं, हा प्रोग्राम फायलींमध्ये लिहिलेला असतो. एका फायलीत तीस-चाळीस फंक्शनं, म्हणजे एकेक काम जाणणारी माणसं समज. मला त्यातला एकच माणूस लागतो. पण शेवटी सगळं जोडून देणारा जो लिंकर नावाचा प्रोग्राम आहे, तो एकाचं नाव घेतलं की अख्खी फाईल उचलून आणतो.

आईने काडी टाकली. "हे त चूलबंद झालं."

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक घरामागे एक माणूस. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटणार नाही. म्हातारी, सून, पोरंटोरं, आलेला पाहुणा, सगळे तुमच्या पंगतीला. "तू काम एकाले सांगतं, अन् जेवाले सारं घर येते," आई म्हणाली. "मंग पंगत पुरन कशी?"

"मग काय करू?"

"वायलं काढ सगळ्याईले. ज्याची त्याची चूल."

हा उपाय जगात कुणाला माहीत नाही असं नाही. एका फायलीत एकच फंक्शन ठेवायचं, की लिंकर नाव घेतलेल्यालाच आणतो. पण त्यासाठी साठ फायलींच्या हजारावर फायली करायच्या, या विचारानेच मला कापरं भरत होतं, म्हणून मी दोन आठवडे टाळत होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांना तोच उपाय स्वतःच्या नावावर सांगितला. ते म्हणाले, "चालेल. पण फंक्शनच्या आतलं एक अक्षर बदलायचं नाही. फक्त जागा बदला."

महिनाभर मी वाटण्या करत होतो. कंटाळवाणं काम, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडलं. कधी सोपं जायचं, कधी दोन फंक्शनं मेमरीच्या एकाच कप्प्यावर हक्क सांगायची आणि मी तलाठ्यासारखा डोकं धरून बसायचो. रोज संध्याकाळी नवा आकडा खडूने दारामागे लिहायचो. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण स्कोर विचारावा तसं ती खालून ओरडायची, "किती झालं?" सदुसष्ट. सहासष्ट. एक दिवस चुकून अडुसष्ट झालं तर तिने मला जेवताना बोल लावले. आणि एका मंगळवारी त्रेसष्टला थोडं कमी. बसलं! आईने शिरा केला. दादाने शिरा खाल्ला आणि म्हणाला, "बरं झालं."

एवढंच. मी आतून चिडलो. मोटरीच्या भाषेत सांगायचं तर मी विहिरीचा कठडा, पाणी पडायचं थारोळं सगळं तसंच ठेवून विहीर लहान केली होती, आणि हा म्हणतो बरं झालं.

पण दोन दिवसांनी तो स्वतःच वर आला. माझ्या खोलीत तो सहसा येत नाही. दारात उभा राहून म्हणाला, "तुह्या पेटीतलं ते नवं, माह्या मोटरीवर लावून पाह्य. दुसऱ्याच्या कायले लावतं?" उन्हाळा तोंडावर होता. आमच्या विहिरीचं पाणी दुपारपर्यंत तळाला जायचं, आणि ते संपायच्या आत मोटर बंद करायला कुणीतरी जवळ लागायचं. आम्ही पेट्या करणारे, आणि आमच्याच विहिरीवर पेटी नाही. दादाला तिचा भरवसाच नव्हता. मोटरीजवळ थांबण्यापायी धाड गावचा बाजार त्याला सुटायचा, माल दुसऱ्याच्या हाती द्यावा लागायचा. "पेटी पाह्यन ना पाण्याकडं," तो म्हणाला. "म्या सांगतलं बी चौकात, भावानं केलं म्हणून."

ते ऐकून मी हवेत गेलो. त्याच दिवशी पेटी बसवली. त्याआधी टेबलावर तपासली. चालू, बंद, लाइट, फोन. पाणी संपल्यावर थांबते का, ही चाचणी तेवढी केली नाही. ती जुन्या मांडणीत शंभरदा झाली होती, आणि मी तर अक्षरही बदललं नव्हतं, नुसत्या जागा बदलल्या होत्या. खरं कारण सांगायचं तर मला घाई झाली होती, दादा खाली गाडी चालू करून उभा होता.

बाजाराच्या दिवशी दादा वांगी घेऊन सकाळच्या एसटीने धाडला गेला. कितीतरी महिन्यांनी स्वतः गेला. दुपारी वहिनींचा शेतातून फोन आला. "भाऊजी, मोटर कशीतरीच वाजून राह्यली." मी फोनवर पाहिलं, सगळं हिरवं, सगळं ठीक. तसं त्यांना सांगितलंसुद्धा, आणि ते सांगताना माझा आवाज जाणकाराचा होता. दोन मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी फोनवर आवाज मोटरीचा नव्हताच, कारण मोटर बंद पडली होती. शेतात पोचलो तर जळक्या वासाने स्वागत केलं. विहिरीत गाळ दिसत होता आणि तार पाण्याच्या हातभर वर लोंबत होती.

चूक सापडायला तासभरही लागला नाही. पाणी संपलं की मोटर थांबवणारं जे फंक्शन आहे, त्याला प्रोग्राममध्ये कुणीच नावाने बोलावत नाही. त्याला बोलावते विहिरीतली तार, आयत्या वेळी. मग इतकी वर्षं ते चिपमध्ये येत कसं होतं? त्याच्या फायलीतल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलावणं असायचं, आणि त्या चूलबंदात हेही यायचं. मी सगळ्यांना वेगळं काढलं. लिंकरने घरामागे एक माणूस धरला, आणि ज्याला कुणी बोलावलंच नाही तो बाहेर राहिला. तक्रारही आली नाही, कारण अशा जागी नावापुरता एक रिकामा माणूस उभा करून ठेवलेला असतो. तार ओरडली तेव्हा तो नुसता उभा राहिला.

दादा संध्याकाळी परत आला. मोटर पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि रिकामी कॅरेटं उतरवायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने मोटर बुलढाण्याला वाइंडिंग भरायला टाकली, शेजारच्या विहिरीवरून पाइप ओढून वांगी कशीबशी ओली ठेवली, आणि चौकात विचारणाऱ्यांना "मोटर जुनीच होती" असं सांगितलं. ते मला वहिनींकडून कळलं. मी दोन दिवस त्याच्यासमोर गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी मोटर आली. उतरवायला मी हात लावला. तो पान्ह्याने बोल्ट आवळत होता, मी पेटीत दुरुस्त प्रोग्राम भरत होतो. न विचारताच सगळं सांगितलं, आईचं चूलबंद, वाटण्या, सगळं. दादाने ऐकून घेतलं.

"म्हंजे त्याले आवतनच नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं. आधी घरच्यांसोबत यायचा. घरं वेगळी केली तेव्हा मीच नावाने सांगायला हवं होतं. आता सांगितलंय. एक ओळ लागली, जागाही पुरली."

त्याने बटण दाबायला सांगितलं. मोटर चालू झाली. मग त्याने विहिरीतली तार हाताने वर ओढली, पाण्याबाहेर. मोटर त्याच क्षणी थांबली. तार खाली सोडली, पुन्हा ओढली. तीनदा करून पाहिलं.

"लय जोखमीचं काम आहे बे तुह्यं," तो म्हणाला. "एखाद्याले सांगायचं राह्यलं, त मोटर जळते."

हेच ऐकायला मी महिनाभर झुरत होतो. मी खूश होऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात तो हात पुसत सहज म्हणाला, "तुह्या पुण्याच्या घराच्या वास्तूचं मले बी कुठं होतं आवतन? तू आईले फोन केला. आई म्हणे चाल, त मी आलो."

मी आठवून पाहिलं. आईला फोन केला होता. 'सगळे या' म्हणालो होतो, की तेही म्हणालो नव्हतो? दादा दोन पोती भाजी घेऊन आला होता. सिलिंडर त्याने चढवला, गळका नळ त्याने बसवला, शेवटच्या पंगतीला जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. मी सगळ्यांचे आभार मानत फिरत होतो. त्याच्याजवळ थांबलो नव्हतो, घरच्या माणसाला काय सांगायचं म्हणून. कठड्यावर बसल्या बसल्या मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

"दादा, राग आला होता का तेव्हा?"

"राग कायले येईन?" त्याने पाइप उचलून पुढच्या सरीत टाकला, पाणी वांग्यांकडे वळवलं. मग पाठमोराच म्हणाला, "फोन वाजला की तुहा आहे का पाह्यचो, इतकंच. चार-पाच दिस पाह्यला."