कानवाले काका बसले नाही

कानवाले काका मशीनले आधी हात नाही लावायचे, कान लावायचे. झोऱ्यातून लांब पेचकस काढायचे, त्याचं टोक पाइपावर टेकवायचे, लाकडी मूठ कानाशी धरायचे अन् डोळे बंद. तेवढ्यात कोनी बोललं तं हात वर करायचे, शाळेतल्या मास्तरावानी. त्याच्यानं सारे त्यायले कानवाले काकाच म्हनत. भंडाऱ्यात ज्यायच्या घरी एसी बिघडला असन त्यायनं हे ध्यान पाह्यलंच असन. मी नववीपर्यंत शिकली, मले नीट लिहिता येत नाही, पन हे कुठंतरी सांगा लागते, नाहीतं दुपारी मले श्वास घेता येत नाही.

आमी वरच्या माळ्यावर भाड्यानं राहतो, डोक्यावर पत्रे. हे, म्हनजे माहे मिस्टर, वरठीले प्लांटात आहेत. पोट्टा तवा अकरा महिन्याचा होता. एप्रिलात त्याले ताप चढला अन् झटके आले, डोळे वर गेले, हातपाय काठीसारखे ताठ. डॉक्टरीन बाई म्हनल्या, याचा ताप चढू द्यायचा नाही, खोली थंड पायजे. कूलरनं भागत नव्हतं. मंग यायनं क्वार्टरातल्या एका सायबाचा जुना एसी आनला.

तो एसी दहा मिनिटं बर्फासारखा चाले, मंग गरम हवा फेके अन् आपोआप बंद पडे. वर पत्र्यावर ठेवलेल्या बाहेरच्या डब्ब्यावर बारीक पाइपाले पांढरं बर्फ धरे. दोन मेकॅनिक येऊन गेले, दोघंही म्हनले गॅस संपला, दोघायनंही गॅस भरला, अन् दोन दिवसात पुन्हा तेच. मी पोट्ट्याच्या कपाळावर हात ठेवूनच बसत होती, थंड लागलं तरी भेव, गरम लागलं तरी भेव.

मंग खालच्या घरमालकीन काकूनं कानवाले काकायचं नाव सांगतलं. ते सकाळी साडेसातले आले, वरठीवरून, आपल्या खटारा गाडीवर. हे घरी होते. काकायनं गॅसचा दाब दाखवनारा काटा लावला, मशीन बंद ठेवून पाह्यलं, चालू करून पाह्यलं. बंद असली का काटा बरोबर वर, चालू झाली का काटा खाली बसे. यायनं विचारलं, गॅस कमी आहे का? काकायनं हात वर केला, पेचकस कानाले लावला, बराच वेळ ऐकलं, अन् मंग म्हनले, "गॅस भरपूर आहे भाऊ. तलाव भरला आहे, पन तुडुम उघडत नाही. मंग धानाच्या बांदीले पानी कुठून भेटन?"

ते मूळचे सानगडीकडले, धानाच्या घरचे, त्यायले सारं तलाव अन् बांदीतच समजावता येत होतं. तुडुम म्हनजे तलावाचं पानी सोडाचं दार. एसीतलं तुडुम म्हनजे बोटायेवढा एक पितळी वॉल्व, एक्सपान्शन वॉल्व म्हनतात त्याले. तो अडकला होता. त्यायनं त्याच्यावरची टोपी काढली, चुंबकाची एक कडी बसवली अन् हळूच फिरवली, तं आतमधी वॉल्व हातानंच उघडला अन् खोलीत थंडी आली. ते आत येऊन यायच्या बाजूले पलंगावर बसले, चहा पिले, पोट्ट्याच्या पायाले गुदगुल्या केल्या. म्हनले नवीन वॉल्व नागपुरावरून चार दिवसानं येईन, तवापर्यंत असंच ढकला.

जाताना मले शिडीखाली उभी केली अन् मशीन बंद-चालू करून दाखवली. चालू करताना वरतून बारीक टकटकटक आवाज येते. म्हनले, "हे ऐकून ठेव पोरी. वॉल्व आपली जागा पाहून राह्यला, असं समज. टकटक आली नाही तं मशीन बंद कर अन् मले फोन कर. फक्त बारा ते चार मी पत्र्यावर चढत नाही. त्या टायमाले कावळाही बसत नाही तिथं." मी हासली, तं त्यायनं शर्टाच्या खिशातून कांदा काढून दाखवला. ऊन लागू नये म्हनून त्यायची बायको रोज सकाळी खिशात टाकायची. म्हनले, मशीनचं मी पाहतो, माहं हा पाहते.

तिसऱ्या दिवशी हे ड्युटीवर गेले अन् पोट्ट्याले पुन्हा ताप आला. औषध पाजलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ताप उतरेना. साडेबारा झाले होते. एसी बंद पडला, मी पुन्हा चालू केला, कान लावून उभी राहिली, टकटक काही आली नाही. पोट्ट्याची मान मले ताठ वाटे, का मलेच तसं वाटे, काय माहीत. मले बारा ते चारचं पूर्न ध्यानात होतं. तरी मी फोन केला. रडतच सांगतलं. तिकडून मले काकायच्या घरच्या पंख्याचा आवाज येत होता. मंग म्हनले, "येतो."

ते डोक्याले दुपट्टा बांधून आले अन् सरळ शिडी चढले. वरतून पत्रे कडकड वाजत होते, मी खाली पोट्ट्याले छातीशी धरून बसली होती. किती वेळ गेला मले सांगता येत नाही. मंग टकटकटक आली. थंडी आली. घंट्याभरात ताप उतरला, पन तवा काका निघून गेले होते.

काका शिडीवरून उतरले तवा त्यायचं तोंड लालबुंद होतं अन् घामाचा एक थेंब नव्हता. आता मले माहीत आहे का असा घाम सुकने चांगलं नसते. तवा नव्हतं माहीत. मी दारात पानी देल्लं, दोन गिलास पिले. त्यायनं खोलीकडे पाह्यलं. हे घरी नव्हते, एकच खोली, एकच पलंग, अन् घरमालकीन काकू खाली जिन्यापाशी धान्य निवडत बसली होती. मी बसा म्हनली नाही. तेही उंबऱ्याच्या बाहेरच राह्यले. खिशातून कांदा काढला, माह्या हातात देल्ला, "पोराच्या उशीखाली ठेव," म्हनले, अन् गेले.

वरठीच्या रस्त्यावर कडुलिंबाखाली गाडी स्टँडवर लावून ते टेकून बसले होते. येनाऱ्या-जानाऱ्याले वाटलं मानूस झोपला आहे. दुपट्टा तोंडावर होता. चार वाजेपर्यंत कोनी उठवलं नाही.

तेराव्यानंतर मी यायच्यासंग वरठीले गेली. काकायची बायको भिंतीले टेकून एकच गोष्ट घोकत होती, का मी सकाळी सोता कांदा टाकला होता, खिशात भेटला नाही, कुठं पडला असन. मी घरून ठरवून गेलती. मंग पिशवीतून कांदा काढून तिच्या समोर ठेवला अन् सांगतलं. त्याले हिरवा कोंब फुटला होता. तिनं हात नाही लावला. पोट्ट्याकडे पाह्यलं, विचारलं, "हाच का तो?" मी हो म्हनली. ते म्हनली, "ठेव तुयापाशीच. मले आता वास सहन होत नाही."

कांद्याचं सांगतलं. बसा म्हनली नाही, ते नाही सांगतलं. ते यायलेही नाही सांगतलं.

नवीन वॉल्व यायनं दुसऱ्याकडून बसवून घेतला. आजूबाजूच्या बाया आता मले बोलावतात, मी पेचकस घेऊन जातो, कान लावतो, अन् मेकॅनिकले सांगतो का आधी काटा पाहा, मंग गॅसचं बोला. हासतात माह्यावर. कानवाली म्हनतात.

पोट्टा तीन वर्षाचा झाला, झटके पुन्हा आले नाही. पन मे लागला का बारानंतर पत्रे तापून कडकड वाजतात, इकडून तिकडे, कोनी पाय टाकल्यावानी. हे म्हनतात पत्रा उन्हानं ताणते, बाकी काही नाही. मलेही माहीत आहे. मंग टकटकटक येते, खोली थंड होते, अन् मी उठून दार सताड उघडं करतो. पोट्टा म्हनते, आई, थंडी चालली. मी पलंगावरचे कपडे उचलतो, जागा करतो, अन् हळूच म्हनतो, "या काका, आत या. बसा."