बुडाल्या बाभळीकडच्या हाका

हिप्परगा तलावाच्या काठी कुणी तंबू ठोकलेला दिसला, की आजही मी आधी त्यांची नाव काठाला आहे का ते बघतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तालुका ठाण्यात फौजदार होतो. शुक्रवार पेठेतले एक मास्तर बायको आणि मित्रांसह तलावावर मुक्कामाला आले होते. पहाटे गळ घेऊन ते एकटेच नावेतून गेले आणि परतले नाहीत. सकाळी एका गुराख्याने ठाण्यात खबर आणली, "सायेब, रिकामी नाव मासेवाल्याच्या खोपीजवळ लागलीया."

खोपीच्या झडतीत मास्तरांचे घड्याळ सापडले. मी मासेवाल्याची तिथेच चौकशी सुरू केली. आवाज चढवून माणूस बोलता करण्यात माझा हातखंडा होता, निदान तसा माझा समज होता.

"घड्याळ नावंत पडलं हुतं, उचललं. मानसाचं ठावं न्हाय," एवढेच तो म्हणे. बाहेर मास्तरांच्या पत्नी पाण्याकडे बघत उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. तासभर मी ओरडत राहिलो आणि तो कुडाला पाठ लावून तेच म्हणत राहिला.

माझे हवालदार मूळचे मैंदर्गीचे, शांत गृहस्थ. जाळे तरंगते राहावे म्हणून त्याला वाळके भोपळे बांधतात. ते टांगायच्या खुंट्या रिकाम्या होत्या, हे त्यांनी हेरले.

"जाळं पान्यात हाय की रं?"

मासेवाला पांढराफटक पडला. तलावाचा ठेका दुसऱ्याचा. चोरून टाकलेले जाळे सापडले, तर जाळेही जाणार आणि पोटही.

"जाळं तुझंच राहील. बोल," मी आवाज उतरवून म्हणालो.

"पहाटं बुडाल्या बाभळीकडनं हाका आल्या, सायेब. आमचं जाळं तितंच हाय. वाटलं, ठेकेदाराचा मानूस फसवून भाईर काढतोय. लई भ्यालो. गेलो न्हाय."

"हाका अजून येतात?"

"तुमी आल्यावर थांबल्या."

मासेवाल्याला घेऊन आम्ही नावेत बसलो. जाळ्यात अडकलेला गळ ओढताना मास्तर तोल जाऊन पडले होते; पाय जाळ्यात गुंतलेले, अन् बाभळीपाशी भोपळ्यांच्या दोऱ्या मनगटाला गुंडाळून ते तरंगत होते. ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. मासेवाल्याने कोयत्याने स्वतःचे जाळे कापून त्यांना सोडवले.

धाक दाखवला की माणूस बोलतो, असे मी मानत आलो होतो. हा माणूस भीतीनेच गप्प होता, आणि मी तासभर त्यात भर घालत बसलो. तेवढ्यात मास्तर बुडाले असते, तर खून कुणाच्या नावावर लिहिला असता?

जाळ्याचा उल्लेख टाळून 'मास्तर बाभळीला धरून होते,' असे मी पंचनाम्यात लिहिले. जाणूनबुजून लिहिलेली ती माझी एकमेव खोटी ओळ.