उठलेल्या गावातली बाई

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्याचा, हे विचारलंत तर सांगता यायचं नाही. पण साठचं दशक संपत आलं असताना मावळात घडलेलं एक प्रकरण मला तसंच्या तसं आठवतं. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून नांदती आहेत, त्यांना उगाच चव्हाट्यावर आणण्याची माझी इच्छा नाही.

मी तेव्हा लोणावळ्याकडे फौजदार होतो. डोंगरापलीकडे पवनेच्या खोऱ्यात धरणाचं काम चाललं होतं आणि पाण्याखाली जाणारी गावं एकेक करून उठत होती. गाव उठतं म्हणजे माणसं नुसती निघून जात नाहीत. दारं, चौकटी, वासे, कौलं सगळं उपटून बैलगाडीत घालून नेतात, कारण नव्या जागी घर उभं करायला तेच लागतं. मागे नुसत्या भिंती राहतात.

अशाच एका गावातून उरलंसुरलं लाकूड आणायला गेलेले गडी एक दिवस लाकूड तिथंच टाकून पळत आले. गावात बाई दिसते, भिंतीआड जाते आणि नाहीशी होते, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांचं एकमत झालं की हडळ आहे. पोलीस पाटलाने ही खबर ठाण्यावर आणली तेव्हा हडळीवर कुठलं कलम लावू, असं मी त्याला विचारलं. हवालदारही हसला. स्टेशन डायरीत अर्थातच काही घेतलं नाही.

त्याच आठवड्यात एक म्हातारा शेतकरी ठाण्यावर आला. त्याची मुलगी मळवलीच्या बाजूच्या एका वाडीत दिलेली. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून तो तिला न्यायला गेला तर मुलगी घरात नाही. चार दिवस झाले होते आणि सासरच्यांनी ना त्याला कळवलं होतं, ना ठाण्याला. "माझी पोर मारली त्यांनी," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या भावकीतली माणसं काठ्या घेऊन फाटकाशी उभी होती. नवऱ्याला मी चौकशीसाठी आणून बसवलं नसतं, तर त्या दिवशी वाडीत दोनचार डोकी फुटलीच असती.

नवरा विशीबाविशीचा, रेल्वेच्या रुळांवर खडी टाकणारा बिगारी. भांडण झालं होतं का, विचारलं. झालं होतं म्हणाला. कशावरून, तर ती माहेरी धाडा म्हणत होती. मग धाडली का नाहीस? इथं त्याची मान खाली जायची ती वर यायची नाही. हवालदाराचं मत ठरून गेलं होतं, आणि माझंही तिकडेच झुकत होतं. आम्ही विहिरींत गळ टाकले, रुळांच्या कडेने माणसं फिरवली, लोणावळा स्टेशनवर हमालांना विचारलं. हाती काही लागलं नाही.

मग मी सासूला बोलावलं. बाई तशी खमकी होती, पण दोन रात्रींचं जागरण तोंडावर दिसत होतं. मी तोच प्रश्न तिला विचारला. सुनेला माहेरी का धाडली नाहीत, मावशी?

"कुटं धाडायची, सायेब? तिचं माहेर हाय कुटं आता?"

तेव्हा उलगडा झाला. लाकूड आणायला गेलेले गडी जिथून पळाले, तेच त्या मुलीचं माहेर होतं. सुगी आटोपल्यावर गाव उठलं आणि बाप आपलं बिऱ्हाड घेऊन तळेगावच्या बाजूला एका माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेला होता. निघताना त्याने व्याह्यांकडे निरोप धाडला होता, की छपराचं बघतो आणि पोरीला न्यायला येतो, तिला सांगा. बाप समजून चालला की तिला ठाऊक आहे. धरण होणार, धरण होणार, हे ती पोर लहानपणापासून ऐकत आली होती. तिचा त्यावर विश्वास उरला नव्हता.

"निरोप तिला सांगितलात?" मी विचारलं.

सासूने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "दोन जिवांची बाई, सायेब. गाव मोडलं, घर मोडलं, असं कुनी सांगतं व्हय तिला? म्या म्हनलं, बाळंत हुं दे."

नवऱ्याच्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ मला तेव्हा कळला. आईने त्याला तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं. मुलगी बिचारी रोज माहेरची वाट बघत होती, आणि कुणी धाडत नाही म्हटल्यावर एकटीच निघाली असणार. लोहगड-विसापूरच्या मधली खिंड उतरलं की तिचं गाव. मी विचारलं, तिकडे कुणी बघितलं का? सासू म्हणाली, धाकटा लेक बघून आला, तितं कुनी न्हाई.

धाकट्या दिराला समोर घेतलं. कुठल्या कुठल्या घरात बघितलंस रे? पोरगा चाचरायला लागला. थोडा आवाज चढवल्यावर कबूल झाला, की तो खिंडीतूनच खाली बघून परत फिरला होता. "तितं बाई दिसती म्हनत्यात, सायेब. मी न्हाई उतरलो. लय भ्या वाटलं." घरी मात्र बघून आलो म्हणाला आणि सगळ्यांनी ते खरं धरलं.

हवालदाराला आणि बापाला घेऊन मी लगेच निघालो. खिंडीच्या चढाला म्हाताऱ्याचा दम उखडला, त्याला सावलीला बसवला. हवालदाराला नदीच्या डोहाकडे आणि विहिरीकडे पाठवलं, कारण काय सापडेल याचा नेम नव्हता. गावात मी एकटाच शिरलो. ऊन चांगलं वर आलं होतं.

मी देवभोळा माणूस नाही. प्रेतं पाहिली आहेत, स्मशानात पहारे दिले आहेत. पण त्या गावात मला भीती वाटली, ती वाटली. कुत्रं भुंकेना, कोंबडं दिसेना, धूर नाही. माझ्याच बुटांचा आवाज भिंतींवरून परत येत होता आणि तो मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. कोनाड्यांत दिव्याची काजळी तशीच होती. खुंट्या होत्या, चुली होत्या, एका भिंतीवर पोरांनी कोळशाने काढलेला बैल होता. दारं नसल्यामुळे प्रत्येक घर सताड उघडं, आणि तरीही आत शिरायच्या आधी मी खाकरत होतो, जसं काही आतून कुणी 'या' म्हणणार आहे. पाठीमागून कुणीतरी आपल्याला बघतंय असं सारखं वाटत होतं. मान वळवायचं धाडस होईना.

असा घरामागून घर बघत असताना एके ठिकाणी थांबलो. बाकीच्या घरांतली जमीन उकललेली, वर पाचोळा आणि लेंड्या. या घरातली जमीन मात्र सारवलेली होती. छप्पर नाही, दार नाही, पण सारवण ओलं होतं आणि बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते. एवढी घाबरगुंडी उडालेली असतानाही मला वाटलं, हडळ काही सारवत बसायची नाही.

ती खाकी कपड्याला भिणार हे उघड होतं. धरणासाठी जमिनी मोजायला येणारेही खाकीतच यायचे. मी ओट्यावर बसलो आणि मोठ्याने बोललो. "पोरी, तुझा बाप वर खिंडीत बसलाय. तुला न्यायला आलाय. भिऊ नकोस."

मग मागच्या गोठ्याच्या भिंतीला धरून ती उभी राहिली. पाय सुजलेले, एका तळव्याला चिंधी बांधलेली, ओठ फुटलेले. तिने पहिलं विचारलं ते हेच.

"समदी जित्ती हायती का?"

आहेत म्हणालो. आई? आईही आहे. मग ती खाली बसली आणि रडली. मी पोलीस माणूस, पण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

जबाबात तिने सांगितलं ते असं. गाव उठलंय हे बघताक्षणीच कळलं, पण माणसं कुठं गेली हे विचारायला कुणी नव्हतं. तळवा कापलेला, पोट एवढं, परतीचा चढ चढवेना. मागच्या परड्यातल्या वालाच्या शेंगा आणि नदीचं पाणी यावर राहिली. गडी आले की ती लपायची, आणि तिला बघून गडी पळायचे. आणि सारवण? ती म्हणाली, हात चालू असला की भ्या वाटत नव्हतं. म्हणून तीच जमीन ती रोज सारवत होती.

ठाण्यात नवरा समोर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमी तरी सांगायचं व्हतं." तो गडी हुंदके देऊन रडला. सासूने तिचे पाय धरायला हात पुढे केले, ते तिनेच मागे सारले. बाप म्हणाला, माझ्याकडं चल. माळावरच्या शेडमध्ये अजून भुईसुद्धा चोपलेली नव्हती. ती म्हणाली, "आबा, मला आता कुटं हिंडवू नगा. आईला हितं आना." पहिलं बाळंतपण सासरी, हे दोन्ही घरांना जड गेलं, पण नाही कुणी म्हटलं नाही. काठ्या घेऊन आलेली माणसं काठ्या टेकत घरी गेली. प्रकरण बेपत्ताच्या नोंदीवरच मिटलं, गुन्हा झालाच नव्हता.

त्यानंतर माणूस हरवल्याची तक्रार आली की मी घरच्यांना दोन गोष्टी विचारत असे. त्याच्यापासून तुम्ही काय लपवलंत? आणि बघून आलो म्हणता, तर आत गेला होतात का? पहिल्या प्रश्नावर माणसं रागावतात, दुसऱ्यावर गप्प बसतात. मायेने लपवलेलं सांगायला माणूस चोरी कबूल करण्यापेक्षा जास्त वेळ लावतो, हा माझा अनुभव आहे.

पुढचं पोलीस पाटलाकडून कळलं. आई लेकीजवळ येऊन राहिली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी घ्यायचं नाही, हा रिवाज त्या माउलीने पाळला. जवळजवळ दोन महिने ती अंगणाच्या कडेला वेगळी चूल मांडून स्वतःचं पीठ रांधत होती आणि ओढ्याचं पाणी पीत होती. मग मुलगी झाली. सासू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि विहिणीने तो तिथंच उभ्याने घटाघटा रिकामा केला.